एकास दीड

आत्या सहा वर्षांनी अण्णांच्या घराचा जिना चढत होती आणि प्रत्येक वळणावर थांबून कुणाला तरी काहीतरी सुनावत होती. वर दारात उभ्या असलेल्या अण्णांच्या मुलीला, धाकटीला, शब्द कळत नव्हते, सूर तेवढा कळत होता.

"तीन मजले," वर पोचल्यावर आत्या म्हणाली. "वीजखात्यात जन्म घालवला तुझ्या बापानं, आणि घराला एक लिफ्ट नाही."

"खात्याचे क्वार्टर्स आहेत, आत्या. दिव्याखाली अंधार."

"तू बोलतेस म्हणून ऐकून घेते हो."

आत आल्यावर आत्या थेट खिडकीशी गेली. कठड्यावरून तिनं बोट फिरवलं, ते उजेडात धरून पाहिलं आणि मग कुठं ती खुर्चीवर बसली. आपण हे केलं हे तिला स्वतःला कळलंही नसावं. कोळशाच्या वीजकेंद्राची राख साठते त्या तळ्यापलीकडच्या पुनर्वसन वसाहतीतली सगळी माणसं दुसऱ्याच्या घरी गेली की आधी हेच करतात. बोट स्वच्छ निघालं की त्यांना बरं वाटायला हवं. पण त्यांचा चेहरा उलट कडवट होतो.

"अण्णा कुठंय?"

"आत. कागद जुळवतायत. उद्यासाठी."

उद्या अकरा वाजता वीज आयोगापुढे खुली बैठक होती. नवं वीजकेंद्र बंद करायचं हे ठरलेलंच होतं. बैठक शिक्का मारण्यापुरती. केंद्र सुरू होऊन दोन वर्षं झाली होती आणि त्यातल्या एकाही महिन्यात ते निम्म्या ताकदीनंसुद्धा चाललं नव्हतं. परवा बातमी छापून आली आणि काल आत्याचा फोन आला. "माझं घर ज्याच्या राखेखाली गेलं, ते बंद करतायत म्हणे. मी येते. मला तुझ्या बापाच्या आणि भावाच्या तोंडून ऐकायचंय, ते बांधलं कशाला होतं."

अण्णा बाहेर आले. एक्क्याऐंशी वर्षांचे, ताठ, काखेत कागदाची जाड गुंडाळी. बहिणीला पाहून थबकले.

"चिमणे, वाळलीस."

"तूही काही फुलला नाहीस."

"चहा घेतलास?"

"तुझ्या घरचा घ्यायचा की नाही, ते सगळं ऐकल्यावर ठरवीन."

स्वयंपाकघरातून वहिनीनं डोकं बाहेर काढलं. "ठेवलाय मी, आत्या. एकास दीड."

आत्याला हसू आलं, आणि आलं म्हणून तिचा राग दुप्पट झाला.

या घरात 'एकास दीड' म्हटलं की चौघांच्या चहाला सहा कप ठेवायचे. दादा लहानपणी दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा तेव्हाही आई हेच म्हणायची. शब्द मूळचे अण्णांचे. चौतीस वर्षं ते वीजखात्याच्या नियंत्रण कक्षात लोड सांभाळत होते. देशाला या क्षणी किती वीज हवी आहे ते बघायचं आणि त्याप्रमाणे कुठल्या केंद्रानं किती द्यायची ते फोनवरून सांगायचं, हे त्यांचं काम. त्या चौतीस वर्षांत त्यांनी एक नियम बांधला होता. देशाचं उत्पन्न एक टक्क्यानं वाढलं की विजेची भूक दीडनं वाढते. "देश म्हणजे वाढतं पोर," ते सांगत. "गेल्या वर्षीच्या कपड्यात मावत नाही, गेल्या वर्षीच्या ताटात भागत नाही." एका गिरणीला वीज लागते, तिच्या कामगाराला घर लागतं, घराला सिमेंट, सिमेंटला भट्टी, भट्टीला पुन्हा वीज. त्यांच्या काळात हे खरं होतं. इतकं खरं, की वरचे साहेब अहवाल बाजूला ठेवून अण्णांना विचारायला येत.

रोज संध्याकाळी सातला लोड सगळ्यांत जास्त असे. तो आकडा अण्णा घरी येऊन आलेखाच्या कागदावर मांडत, शिसपेन्सिलीनं, एक बिंदू. कागदाला कागद चिकटवत ती गुंडाळी आता सात मीटरांवर गेली होती. निवृत्तीनंतर आकडा धाकटीनं द्यायचा. ती त्याच कक्षात, त्याच खुर्चीवर बसत होती. पाळीवर असली तर फोन करून सांगायची. घरी असली तर कक्षातून तिला फोन यायचा आणि ती टेबलाशी येऊन सांगायची. मग अण्णा "हं" म्हणत, बिंदू काढत आणि जेवायला बसत.

टेबलावरच्या भिंतीवर निवृत्तीच्या दिवशी कक्षातून भेट मिळालेलं घड्याळ होतं. ते सेलवर चालत नसे, थेट विजेवर चाले. तारेतली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते आणि हे घड्याळ तेच हेलकावे मोजून काटा पुढं ढकलतं. लोड डोईजड झालं, यंत्रं दमली, की हेलकावे मंदावतात आणि घड्याळ मागं पडतं. पूर्वी संध्याकाळपर्यंत ते चांगलं चार-चार मिनिटं मागं पडायचं. "आपलं घड्याळ वेळ नाही दाखवत, भूक दाखवतं," अण्णा पाहुण्यांना सांगायचे.

आता ते कधी मागं पडत नसे.

दुपारी दादा आला. नव्या केंद्रात तो बॉयलरचा मुख्य अभियंता होता. बूट काढता काढताच त्याला आत्या दिसली आणि त्याचा एक बूट हातातच राहिला.

"ये," आत्या म्हणाली. "तुझीच वाट बघत होते. बुडवलंत ना सगळं? आधी माझं घर, मग सरकारचं केंद्र. हात लावाल तिथं राख."

"आत्या, बसू तरी दे त्याला," धाकटी म्हणाली.

"बसू दे की. सहा वर्षांपूर्वी आमच्या गावच्या जनसुनावणीला अण्णाला उभं केलं ते यानंच. याला नव्या केंद्रात खुर्ची हवी होती. नाहीतर हा म्हातारा कशाला आला असता भाषण करायला?"

"मी तेव्हा चारशे किलोमीटर लांब होतो, आत्या, जुन्या केंद्रावर. सुनावणी झाल्याचं मला आठवड्यानं कळलं."

"लांबून दोरी ओढता येत नाही होय?"

"कुणी मला उभं केलं नाही," अण्णा म्हणाले. "मी माझ्या पायांनी गेलो. लोड होतं म्हणून गेलो. आजही आहे, म्हणून उद्या जाणारे." त्यांनी दादाकडे पाहिलं. त्या घरात गेली दोन वर्षं बाप मुलाशी बोलत नसे, मुलाबद्दल बोलत असे. "माणसानं ताट वाढून ठेवावं आणि वाढपी म्हणावा, कुणाला भूकच नाही. असं कसं? भूक आहे. काल पाच हजार पाचशे ऐंशी मेगावॅट होतं. यांना यंत्रसंच चालवता येत नाहीत, आणि म्हणे लोड नाही."

"अण्णा, मी दोन वर्षं सांगतोय. आम्हाला वरूनच फोन येतो, कमी करा, बंद ठेवा. घेणारंच कुणी नाही."

"आता मला शिकवणार हा? मला रोज नियंत्रण कक्षातून आकडा येतो."

दादानं तोंड उघडलं आणि धाकटीकडे बघून मिटलं. धाकटी ट्रेमधले कप उचलून आत गेली. सहाच्या सहा भरलेले होते.

मागच्या बाल्कनीत ती नळाखाली कप धरून उभी होती तेव्हा दादा मागं येऊन उभा राहिला.

"मीटर."

लहानपणी ती स्टुलावर चढून घराचा वीजमीटर वाचायची आणि सगळ्यांना आकडा सांगत फिरायची. तेव्हापासून दादापुरतं तिचं नाव ते.

"काल सातला लोड किती होतं?"

"तीन हजार दहा."

"मग त्यांच्या कागदावर साडेपाच हजार कसं? मी इतके दिवस समजत होतो, त्यांना ऐकू कमी येतंय. 'तीन'चं 'पाच' करतायत."

तिनं कप विसळला, पालथा घातला, दुसरा घेतला. दादानं हात लांब करून नळ बंद केला.

"तू?"

"अकरा वर्षांपूर्वी, आई गेली त्या आठवड्यात," ती म्हणाली. "ते जेवत नव्हते, बोलत नव्हते. तुला आठवत असेल. दिवसातून एकदाच तोंड उघडायचे, सातला. 'लोड?' आणि त्याच आठवड्यात नदीकाठच्या पोलाद कारखान्यानं दोन भट्ट्या बंद केल्या. लोड एकदम दोनशेनं खाली आलं होतं. मला वाटलं, आज अजून एक गोष्ट खाली गेली असं यांना नाही सांगायचं. मी आदल्या दिवशीच्या आकड्यात दहा मिळवून सांगितलं. ते 'हं' म्हणाले आणि उठून थोडं जेवले."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी एकदम दोनशेनं कसं उतरवणार?"

मग उतरायची वाट उरलीच नाही. कापडगिरण्या गेल्या. खत कारखाना गेला. त्यांच्या जागी गोदामं आली, कचेऱ्या आल्या, काचेच्या इमारतींत बसून फोन उचलणाऱ्या मुली आल्या. साठ वॅटचा दिवा जाऊन नऊचा आला आणि उजेड तेवढाच पडू लागला. उत्पन्न वाढतच होतं, आधीपेक्षाही बरं वाढत होतं. पण वीज जिथं होती तिथंच. पोर वाढायचं थांबलं होतं. चाळिशीतला माणूस पगार वाढला म्हणून दुप्पट जेवत नाही. अण्णांचा नियम चुकलेला नव्हता, फक्त तो ज्या वयासाठी होता ते वय सरलं होतं, आणि ज्या माणसानं तो बांधला त्याला हे सांगणारी एकच व्यक्ती होती.

"खोटे आकडे काढायचीस कशी? रोज मनाला येईल ते?"

"मनाचे नाही. त्यांना लगेच कळलं असतं. नियमानं काढायची. उत्पन्न वर्षाला साधारण चारनं वाढतंय, म्हणजे लोड सहानं. त्याप्रमाणे रोजचा एक गुणक केला होता. त्या आठवड्यातला आकडा गुणिले गुणक. डायरीत आहेत सगळे."

दादा तिच्याकडे बघत राहिला. "म्हणजे त्यांचाच नियम वापरून तू आकडे केलेस, आणि ते बघून त्यांना वाटलं, नियम बरोबर आहे."

"हो."

"आणि जनसुनावणी?"

"मी पाळीवर होते. गुंडाळी घेऊन ते एकटे गेले. मला दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं."

"दुसऱ्या दिवशी." दादानं सावकाश म्हटलं. "केंद्र बांधायचा आदेश निघायला अजून महिना होता, मीटर."

"हो."

खात्याचा अहवालही वाढच सांगत होता, हे ती म्हणू शकली असती. पण खात्यावर कुणाचा विश्वास होता? आत्याच्या गावाचा अण्णांवर होता. वर्तमानपत्रं केंद्राची क्षमता छापतात, रोजचं लोड कुणी छापत नाही. त्यामुळे तिथं अण्णांना खोडून काढणारं कुणी नव्हतं.

"सांगू नकोस," दादा शेवटी म्हणाला. "उद्या मी काहीतरी कारण काढून त्यांना बैठकीला जाऊ देत नाही. मला काय, चार शिव्या. बदली होणारच आहे. त्यांच्याजवळ त्या कागदाशिवाय दुसरं आहे काय?"

तिला हायसं वाटलं. इतकं, की तिनं नळ पुन्हा सोडला आणि विसळलेलाच कप परत विसळला. हे वाटायला नको होतं, हे तिला त्याच क्षणी कळत होतं.

"वा," दारातून वहिनी म्हणाली. तिच्या हातात पुसायचं फडकं होतं आणि ती कधीची उभी होती कोण जाणे. "भाऊ-बहिणीचं ठरलं. आता माझं ऐका. माझ्या मुलीला कॉलेजात विचारतात, तुझ्या बाबांनी केंद्र बुडवलं ना? हा माणूस दोन वर्षं रात्री कूस बदलत असतो आणि सकाळी विचारतो, माझंच काही चुकलं का गं. आणि वन्सं, तुम्हाला ठाऊक होतं."

वहिनी एरवी तिला नावानं हाक मारायची. 'वन्सं' गेल्या वीस वर्षांत दोनदा झालं असेल.

"अगं, हळू," दादा म्हणाला.

"हळूच बोलतेय. वन्सं, सातच्या आत तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगेन, आणि मला ते तुमच्यासारखं नीट नाही सांगता येणार."

बाहेरच्या खोलीत तोवर वेगळंच घडलं होतं. अण्णांनी गुंडाळी उलगडली होती. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं आत्याच्या. मधला कागद टेबलावरून जमिनीवर आणि जमिनीवरून दिवाणावर गेला होता. दोघं भावंडं लहानपणी चादरीची घडी घालत असतील तशी समोरासमोर उभी होती.

"हे बघ, इथं तुझं लग्न," अण्णा सांगत होते. "नऊशे दहा. हा खड्डा म्हणजे संप. इथं ही जन्मली. आणि ही सुनावणी, तीन हजार नऊशे तीस. आणि हे काल. चढच आहे की नाही? पुढच्या वर्षी अकरा वर्षांपूर्वीच्या दुप्पट होईल. उद्या हे मी त्यांच्यापुढं पसरणारे. तुझं घर ज्यासाठी गेलं ते मी वाया जाऊ देणार नाही, चिमणे. केंद्र चालायलाच हवं. तेवढं तरी मला करू दे."

आत्यानं डोळे पुसले. "मी येते उद्या. तुझ्या शेजारी बसते. ज्यांनी दिलं त्यांच्यातलं कुणीतरी बसायला हवं." मग दादाकडे वळून म्हणाली, "मी समजत होते अण्णा चुकला. हा कागद बघितल्यावर कळलं, चुकवणारे दुसरेच आहेत."

दादा भिंतीला टेकून उभा राहिला. त्यानं धाकटीकडे पाहून मान किंचित हलवली: नको.

धाकटीच्या डोळ्यांपुढं उद्याची खोली आली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. अण्णा सात मीटर कागद पसरतायत, आत्या दुसरं टोक धरून उभी आहे. आणि समोरचा कुणी तरुण अधिकारी नियंत्रण कक्षाचा छापील तक्ता पुढं सरकवतोय, ज्याच्या प्रत्येक पानाखाली धाकटीची सही आहे. तो हसणार नाही. ते जास्त वाईट असेल.

"अण्णा," ती म्हणाली. "कागद चुकीचा आहे."

"कुठला बिंदू?"

"अकरा वर्षांचे सगळे."

अण्णा वैतागले नाहीत. चूक म्हटलं की त्यांचा आवाज नेहमीच खाली येई. "किती टक्क्यांची चूक?"

"काल पंच्याऐंशी. आधी कमी होती."

"मोजण्यातली?"

"नाही. सांगण्यातली. मी सांगितलेली. खरं लोड तेव्हा होतं तिथंच आहे, अण्णा. काल तीन हजार दहा होतं."

कागदाचं टोक अण्णांच्या हातातून सुटलं आणि सुटल्यावर आपलं आपण गुंडाळत टेबलाच्या कडेपर्यंत गेलं. ते खुर्चीवर बसले. तिनं त्यांना सगळं सांगितलं: आईचा आठवडा, भट्ट्या, गुणक. तिला रडू आलं असतं तर सोपं गेलं असतं. पण ती पाळीचा अहवाल देतात तसं सांगत गेली, कारण तेवढंच तिला नीट येत होतं, आणि ते त्यांनीच शिकवलं होतं.

"गुणक कशावरून काढलास?" अण्णांनी विचारलं.

"एकास दीड."

"म्हणजे ते बिंदू माझेच." त्यांनी कागदाच्या शेवटच्या पट्टीवरून हात फिरवला. "म्हणूनच. जन्मभर ही रेषा थरथरायची. या अकरा वर्षांत अशी निघाली की जणू पट्टी लावून काढली. मी म्हटलं, देश स्थिरावला."

मग त्यांनी मान वर करून घड्याळाकडे पाहिलं. धाकटीला ठाऊक होतं की ते तिथं बघणार.

"मी तुला विचारलं होतं."

"हो."

"सुनावणीच्या आधी. नवीन केंद्र एकही आलेलं नव्हतं आणि तू लोड दुपटीच्या वाटेवर असल्यासारखं सांगत होतीस. मी विचारलं, एवढं लोड आहे तर आपलं घड्याळ मागं का नाही पडत? काय म्हणाली होतीस?"

तिनं दादाकडे पाहिलं नाही, वहिनीकडे पाहिलं नाही. "म्हणाले होते, सीमेपलीकडून वीज घेतो आता. त्यांची यंत्रं आपल्याला आधार देतात."

खोलीत कुणीतरी श्वास घेतल्याचा आवाज झाला. तो आत्याचा होता.

"परक्याच्या चुलीवर किती दिवस शिजवणार," आत्या म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"अण्णा बोलला होता सुनावणीत. शेवटचं वाक्य. तोवर गावातलं कुणी जागा द्यायला सही करत नव्हतं. मी पहिली उठले. म्हटलं, माझा भाऊ खोटं बोलणार नाही. आपल्या देशाची चूल आपली असावी, त्यापुढं माझं घर ते काय! माझ्यामागं चाळीस घरांनी सह्या केल्या." तिनं हातातलं कागदाचं टोक टेबलावर ठेवलं, अगदी जपून. "परकी चूल नव्हतीच होय गं?"

"नव्हती, आत्या."

"मी वसाहतीत सांगायचे, आमच्या भावाच्या घरात खरं बोलणारी एकच आहे, ती धाकटी. बाकी सगळे खात्याचे."

आत्यानं सुनावणीपासून कालपर्यंतच्या रेषेवरून बोट फिरवलं आणि सवयीनं ते उजेडात धरलं. शिसपेन्सिलीनं बोट करडं झालं होतं. ती ते बघत राहिली. मग पुसलं नाही, तसंच ठेवून ती दादाला म्हणाली, "मला खाली सोड. पायऱ्या दिसत नाहीत मला उतरताना."

"आत्या, मी येते," धाकटी म्हणाली.

"तू नको."

दादा आत्याचा हात धरून उतरला. येतानाची बडबड जाताना नव्हती. जिन्यात फक्त चपलांचा आवाज, आणि प्रत्येक वळणावर तो थांबत होता. वहिनीनं दिवाणावरचा कागद उचलून गुंडाळायला घेतला. जे हवं होतं ते तिला मिळालं होतं आणि ते कुठं ठेवायचं हे तिला कळत नव्हतं. "अण्णा, पाणी देऊ?" असं तिनं दोनदा विचारलं.

अण्णा खुर्चीवर तसेच बसून होते. धाकटी समोर उभी होती. तिला वाटलं होतं ते ओरडतील, छातीला हात लावतील, निदान आईचं नाव काढतील. त्यांनी यातलं काही केलं नाही. मध्येच एकदा म्हणाले, "त्या आठवड्यात मला खरं चाललं असतं. मी लोडचं माणूस आहे. पडलेलं लोड काय मी पाहिलं नव्हतं?" आणि थोड्या वेळानं म्हणाले, "चाळीस घरं."

दादा परत आला तेव्हा खिडकीबाहेर दिवे लागत होते. एकेका इमारतीत, एकेका मजल्यावर, पांढरे, थोडकी वीज खाणारे दिवे. आपापल्या घरी आलेली माणसं बटणं दाबत होती. सगळ्यांना हवी तेवढी वीज होती. आणि चाळीस किलोमीटरवर थंड पडलेले तीन बॉयलर होते, आणि त्यांच्या मागं वाळत चाललेलं करडं तळं.

सात वाजले. कक्षातून फोन आला, रोजच्यासारखा. धाकटीनं तो उचलून कानाला लावला, ऐकला, ठेवला. अण्णांनी टेबलावरची पेन्सिल हातात घेतली होती. सवय होती की आणखी काही, तिला कळलं नाही. पण त्यांनी शेवटची पट्टी स्वतःकडे ओढून सरळ केली आणि ते थांबले.

"तीन हजार चाळीस," ती म्हणाली. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिनं त्यांना जसा आला तसा आकडा दिला होता.

अण्णांनी "हं" म्हटलं नाही. ते दादाकडे वळले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी थेट बोलले.

"खरं आहे का रे?"

दादानं बहिणीकडे पाहिलं. त्याला माहीत नव्हतं. त्या घरात तो आकडा येण्याचा रस्ता एकच होता.

"अण्णा, ती सांगतेय तर..." तो म्हणाला आणि त्यानं घड्याळाकडे पाहिलं.

अण्णा पेन्सिल कागदाच्या वर धरून बसून राहिले. भिंतीवरचं घड्याळ बरोबर सात वाजून दोन मिनिटं दाखवत होतं, सेकंदभरही मागं नाही.